काळी पत्ती, पांढरी चादर

उन्हाळी कांद्याचा हंगाम भरात असला की लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात एक हालचाल पुन्हा पुन्हा दिसते. लिलावाचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकतो. व्यापारी ट्रॉलीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, वरचे सोडून आतले दोन-चार कांदे उपसतो, मान दाबून पाहतो आणि अंगठ्याने पत्ती चोळतो. अंगठ्याला काळे लागले की बोली खाली येते. शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही ते कळलेले असते. १९४७ साली ही बाजार समिती सुरू झाली. हा अंगठा तिच्याहूनही जुना असावा.

मोठ्या रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात हेच काम जरा वेगळ्या थाटात चालते. निर्जंतुक कापसाची काडी ओली करायची, ऑपरेशन टेबलाच्या कडेवर, दिव्याच्या दांड्यावर, एसीच्या जाळीवर फिरवायची आणि साबूरो माध्यमाच्या बशीवर ओढायची. रेमाँ साबूरो हे पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ. मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णावर काम करताना त्यांनी साखर भरपूर आणि चव किंचित आंबट अशी एक खीर तयार केली. तिच्यावर बुरशी खुशाल वाढते, जिवाणू मात्र मागे पडतात. बशी आठवडाभर ठेवून रोज बघायची. व्यापाऱ्याला जे क्षणात कळते ते कळायला प्रयोगशाळेला एवढा वेळ लागतो; पण प्रयोगशाळा बुरशीचे नाव सांगते, अंगठा फक्त भाव सांगतो.

बऱ्याचदा त्या बशीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी लव दिसते आणि मग तिच्यावर कोणीतरी मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे दाणे येतात. ही ॲस्परजिलस नायजर. कांद्याच्या पत्तीखाली काजळी धरते ती हीच. रुग्णालयाच्या खिडकीच्या चौकटीवरची आणि साठवणीच्या चाळीतल्या कांद्यावरची ही बुरशी एकाच कुळातली नव्हे, एकाच जातीची आहे.

नावाची गोष्ट थोडी गमतीची आहे. १७२९ साली फ्लॉरेन्सचा धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनिओ मिकेली याने सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचे डोके पाहिले. बारीक दांडी, तिच्यावर गोल मुंडके आणि मुंडक्यावर चहूकडे बीजाणूंच्या माळा. त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचे साधन आठवले; लॅटिनमध्ये शिंपडण्यासाठी जो शब्द आहे त्यावरून नाव पडले. मिकेली नाशिक जिल्ह्यात जन्मला असता तर त्याने या बुरशीला बहुधा गुलाबदाणी म्हटले असते. काम तेच आहे. लग्नात गुलाबदाणी हलवली की थेंब उडतात, इथे वाऱ्याची झुळूक किंवा हमालाने आपटलेली गोणी पुरते. एकेक बीजाणू चार-पाच मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीत पंधराएक मावतील एवढा. तो खाली बसायला वेळ घेतो आणि बसल्यावरही मरत नाही. त्याचा काळा रंग म्हणजे आपल्या कातडीतल्या मेलॅनिनच्याच जातीचे रंगद्रव्य. उन्हापासून राखण करायला ते आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या भिंतींवरही ही बुरशी सापडली आहे, मग वॉर्डच्या भिंतीचे काय घेऊन बसलात.

तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरबताच्या पाकिटावर सायट्रिक ॲसिड असे छापलेले असते. ते आता लिंबापासून काढत नाहीत. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की ॲस्परजिलस नायजरला साखरेच्या पाण्यात वाढवली तर ती ढिगाने सायट्रिक आम्ल तयार करते. जगातले बहुतेक सायट्रिक आम्ल आज याच मार्गाने येते. कांदा काळा करणारी बुरशी आपण रोज चवीने पितो, निदान तिची कमाई तरी.

माणसाला ती सहसा त्रास देते ती कानात. पावसाळ्यात ओला राहिलेला कान, त्यात तेल घालायची सवय आणि वर काडेपेटीची काडी: कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे या दिवसांत असे रुग्ण येत असतात आणि दुर्बिणीखाली कानात तीच मिरपूड दिसते. डॉक्टर कान साफ करतो, थेंब देतो, कोरडा ठेवायला सांगतो. ‘कोरडा ठेवा’ हे शब्द या प्रकरणात पुन्हा येणार आहेत.

मे २०२१ मध्ये मात्र या काळ्या पत्तीला भलताच भाव आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले आणि मोबाइलवर एक संदेश फिरू लागला: कांद्यावरचा काळा थर आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा डाग हीच ती बुरशी. कांदा विकून जगणाऱ्या तालुक्यात अशी अफवा म्हणजे गारपीटच. ती चूक होती. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशा वेगळ्या गटातल्या. भारतात त्यात पुढे असते रायझोपस अरायझस, शिळ्या भाकरीवर करड्या कापसासारखी वाढणारी. रोगात काळे दिसते ते तिच्या रंगामुळेही नाही. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरते, रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडून आत वाढते, वाहिनीत गुठळी होते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरून काळा पडतो. काळा रंग असतो तो मेलेल्या मांसाचा.

त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. त्यातले नऊ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. कारणे शोधताना संशयाची सुई सगळीकडे फिरली: ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी, मास्क, नळ्या, खाटा. पुढे अनेक रुग्णालयांत मिळून जे नमुने गोळा झाले त्यात एसीच्या झडपांवर आणि रुग्णांनी वापरलेल्या काही मास्कवर या बुरशा सापडल्या खऱ्या, पण बाहेरच्या हवेत त्या आतल्यापेक्षा जास्त होत्या. म्हणजे बीजाणू रुग्णालयाने जन्माला घातले नव्हते. ते नेहमीच हवेत होते; आपण सगळे रोज शेकड्यांनी बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर घेतो आणि फुप्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात. त्या वर्षी बदलली ती माणसे. आवाक्याबाहेर गेलेली रक्तातली साखर आणि तिच्यावर स्टेरॉइडचा डोस, यांनी त्या पेशींचे हात बांधून ठेवले होते.

मग पृष्ठभागांना दोष द्यायचाच नाही? द्यायचा, पण नेमका.

२००१ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. रुग्णालयात वापरतात ते सुती कापड, टॉवेल, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिक यांचे तुकडे घेतले, त्यांवर कँडिडा, ॲस्परजिलस, म्युकर अशा बुरशा टाकल्या आणि त्या किती दिवस जिवंत राहतात ते पाहिले. जवळपास सगळ्या किमान एक दिवस टिकल्या; पुष्कळ तर कित्येक आठवडे. यात खायला काही नव्हते, फक्त बसायला जागा होती.

अशी जागा कधी जीवघेणी ठरते हे न्यू ऑर्लीन्समध्ये दिसले. २००८-०९ मध्ये तिथल्या मुलांच्या रुग्णालयात पाच आजारी मुलांना म्युकरमायकोसिस झाला आणि पाचही दगावली. मुले वेगवेगळ्या वॉर्डांतली, डॉक्टर वेगळे, आजार वेगळे. सगळ्यांत समान निघाली ती चादर. धुऊन आलेल्या कपड्यांवर रायझोपस होती. काही वर्षांनी हाँगकाँगमध्ये तसेच घडले. तिथे धागा धुलाईकेंद्रापर्यंत गेला, जिथे कपडे पुरते वाळण्याआधीच बांधले जात होते. पांढरीशुभ्र, घडी घातलेली, इस्त्रीचा वास येणारी चादर बघून कोणाच्या मनात बुरशी येईल? आपल्याकडे आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे तीन दिवस दमट राहतात, आणि छोट्या दवाखान्यांच्या चादरी कुठे तरी अशाच गच्चीवर वाळत असतात. मला वाटते, एसीच्या जाळीपेक्षा आधी या दोरीकडे बघायला हवे.

ऑक्सफर्डचे प्रकरण आणखी बोलके आहे. तिथल्या एका रुग्णालयाच्या मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात सत्तर रुग्णांच्या अंगावर किंवा रक्तात कँडिडा ऑरिस सापडली. ही यीस्टच्या जातीची बुरशी. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून तिची पहिली ओळख पटली, म्हणून ‘ऑरिस’, म्हणजे कानाची. चार-पाच वर्षांत दिल्लीच्या रुग्णालयांतूनही तिच्या नोंदी आल्या. ती कातडीवर बसते, खाटेच्या कठड्यावर बसते, आठवडेच्या आठवडे. ऑक्सफर्डमध्ये सगळे पुसून झाले तरी रुग्ण येतच होते. शेवटी गुन्हेगार निघाला काखेत लावायचा, पुन्हा पुन्हा वापरायचा तापमापक. तो वापरातून काढल्यावर साथ ओसरली. पुसायचे ज्याने ते औषधही नीट निवडावे लागते: फरशीसाठी सर्रास वापरली जाणारी अमोनियम गटातली काही जंतुनाशके या बुरशीपुढे दुबळी पडतात, क्लोरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड चालतात.

आपल्याकडे स्वच्छता नाकाने ओळखायची रीत आहे. फिनाइलचा भपकारा आला की दवाखाना स्वच्छ. त्याहून मोठी श्रद्धा फ्युमिगेशनवर. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन थिएटर बंद करायचे, फॉर्मेलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायचे, दारांच्या फटींना चिकटपट्टी लावायची आणि सोमवारी डोळे चोळत आत जायचे. एका पिढीतल्या परिचारिकांना तो वास जन्मभर विसरता येणार नाही. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. त्याहून व्यवहारी अडचण अशी की वायूला धुळीच्या थराखाली जाता येत नाही. आधी साबणपाण्याने घासून मळ काढला नाही तर वरून काहीही सोडा, खालचे बीजाणू आरामात असतात. क्लोरीनचेही तसेच, मळात त्याची ताकद आधीच संपते.

म्हणून जुन्या, कंटाळवाण्या कामांचे मोल मोठे. कोरडा झाडू वॉर्डात वर्ज्य, कारण झाडू म्हणजे सगळ्यात मोठी गुलाबदाणी. खाली बसलेले सगळे तो पुन्हा हवेत उडवतो. पोछा मारायचा तो तीन बादल्यांच्या पद्धतीने: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे, तिसरीत जंतुनाशक, आणि घाण पाणी परत फरशीवर येऊ द्यायचे नाही. सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ मध्ये आलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत या बादल्यांनाही गुण आहेत. आणि पोछा स्वतः उन्हात वाळवायचा. ओला पोछा कोपऱ्यात उभा करून ठेवला तर उद्या सकाळी आपण त्याच्याने स्वच्छता करत नसून पेरणी करत असतो.

कांदा उत्पादकाला यातले काहीही नवे सांगावे लागणार नाही. बीजाणू मारून संपत नाहीत हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. मातीत आहेत, बियाण्यावर आहेत, गेल्या वर्षीच्या चाळीच्या बांबूवर आहेत. त्याचा सगळा खटाटोप त्यांना संधी न देण्याचा. उपटलेला कांदा पातीसकट शेतातच सुकवायचा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशा बेताने. पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवायची. मान मुळाशी कापली की ती उघडी जखम, आणि जखम म्हणजे दार. मग सावलीत आठ-दहा दिवस सुकवायचा, म्हणजे मान पिळवटून बंद होते आणि पत्ती कुरकुरीत. विळा लागलेला, दबलेला, जोड कांदा चाळीत जाऊ द्यायचा नाही. चाळ जमिनीपासून उचललेली, ढीग चार फूट रुंद, पाच फुटांवर उंच नाही, खालून-बाजूने वारा खेळता. एवढे करूनही पावसाळ्यातल्या दमट, उबदार दिवसांत काजळी धरतेच, कारण तिला तिशीच्या आसपासचे तापमान आणि पत्तीवरचा ओलावा एकत्र मिळतो. साठवणीतल्या कांद्याची चार-पाच महिन्यांत घट, कोंब आणि सड मिळून तीस-चाळीस टक्के तूट ही या भागातली जुनी रड आहे.

जखम झाकणे, ओल हटवणे, दबलेले वेगळे काढणे. सलाइनच्या सुईभोवतीची पट्टी ओली झाली की लगेच बदला, असे परिचारिकेला शिकवतात. ती कांद्याची मानच राखत असते. पण तुलना इथे थांबवायला हवी, कारण पुढे ती उलटते. चाळीला वारा हवा. ऑपरेशन थिएटरला उघड्या खिडकीचा वारा नको. तिथली हवा तासाला वीसेक वेळा बदलायची, तीही ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीतून, आणि आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडले की हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. रुग्णालयात मजला वाढवायचे काम निघाले, छताचे पॅनल काढले की ॲस्परजिलसच्या साथी येतात हे जगभर अनेकदा दिसले आहे. रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण ज्या मजल्यावर असतील तिथे हातोडा पडण्याआधी प्लॅस्टिकची भिंत उभारावी लागते.

लासलगावचे रुग्णालयांशी आणखी एक नाते आहे, आणि ते गावातल्याही अनेकांना ठाऊक नसते. २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने इथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० या धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांपुढून कांदा ६० ते ९० ग्रे एवढा डोस घेत जातो. कोंबाच्या पेशींची वाढ थांबते, कांदा उगवत नाही. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस याच केंद्रातून निघाला; फळातल्या किड्यांसाठी डोस होता ४०० ग्रे. मुंबईत ट्रॉम्बेला मात्र याच कोबाल्टचे दुसरे काम १९७४ पासून चालू होते: ‘आयसोमेड’ या केंद्रात सिरिंज, टाके घालायचे धागे, सुईणींना द्यायचे बाळंतपणाचे संच निर्जंतुक करणे. तिथला डोस २५ हजार ग्रे. कांद्याच्या सुमारे तीनशे ते चारशे पट! या दोन आकड्यांमधल्या अंतरात बुरशीचा चिवटपणा मोजता येतो. कांद्याचा कोंब साठ ग्रेला मान टाकतो, पण त्याच कांद्याच्या पत्तीवरच्या काळ्या बीजाणूंना त्याचे काही वाटत नाही. विकिरण केलेला कांदा सडतच नाही, असे समजून तो ओल्या गोदामात टाकणाऱ्याची फसगत होते ती इथे. बुरशी मरेल एवढे किरण द्यायचे तर हजारो ग्रे लागतात. मसाल्यांना ते देता येतात. कांदा त्यात कांदा राहणार नाही.

रोग आत शिरलाच तर औषधांची पेटी फार मोठी नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीची दूरची चुलत बहीण. तिला मारताना आपल्यालाही इजा होते. म्युकरमायकोसिसमध्ये वापरले गेलेले अँफोटेरिसिन व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळाले. त्याचाच एक भाऊबंद महाराष्ट्रातला आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने १९६०च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ वेगळे केले आणि जिवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. गावाचे नाव असे शास्त्रात गेले, पण औषध फार दूर गेले नाही.

आजची मुख्य औषधे ॲझोल गटातली: व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल. कांद्यावर जांभळा करपा आला की कृषी सेवा केंद्रातून जी बाटली येते तिच्यावरची नावे वाचा: टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल. आडनाव तेच, आणि बुरशीच्या पेशीत घाव घालायची जागाही तीच. ॲस्परजिलसची दुसरी जात, फ्युमिगेटस, हीच फुप्फुसात सर्वाधिक घात करते आणि ती राहते कुजणाऱ्या ढिगात. पन्नास अंशांच्या वर तापलेल्या उकिरड्यातही तग धरते. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांवर ही औषधे मारली जातात. तिथल्या टाकाऊ कंदांच्या ढिगांत ॲझोलला न जुमानणारी फ्युमिगेटस सापडली, आणि ज्यांनी ही औषधे कधी घेतलीच नव्हती अशा रुग्णांतही. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी तोच जनुकबदल असलेली बुरशी भारतातल्या रुग्णांत आणि मातीत दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशांची पहिली यादी केली. सर्वात वरच्या गटातल्या चारांत फ्युमिगेटस आणि कँडिडा ऑरिस दोघीही आहेत. ट्यूलिप आणि कांदा दोन्ही कंदच. आपल्या बांधावर ओतलेल्या सडक्या कांद्याच्या ढिगाचे नमुने घ्यायला कोणी तरी काडी घेऊन यायला हवे.

तोवर एक गोष्ट घरातच करता येते. किमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला किंवा महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा माणूस घरी आला की तब्येत बरी वाटू लागताच कामाला हात लावतो. शेतकऱ्याच्या घरात बसून राहणे अवघड. त्याने हिशेब लिहावा, ट्रॅक्टरसोबत लासलगावला जावे, भाव बघावा. पण चाळ फोडायच्या दिवशी, जेव्हा चार महिने दबलेली पत्ती उडते आणि कवडशात काळी धूळ तरंगताना दिसते, तेव्हा त्याने चाळीजवळ थांबू नये. बाकीच्यांनी नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. उपरण्याचे टोक चार मायक्रॉनचा दाणा अडवत नाही. आणि निवडलेली सड त्याच्या खोलीच्या खिडकीखाली टाकू नये.